बसणं, बसवणं आणि ‘सेटल’ होणं

बारामतीच्या एसटी स्टँडवर अर्धा तास थांबलं, तर ‘सेटल’ हा शब्द निदान चार अर्थांनी कानावर पडू शकतो. ‘थोरला पुण्यात सेटल झालाय, आता धाकट्याचं बघायचंय.’ ‘पतसंस्थेचं कर्ज एकदाचं सेटल केलं, दाखला घेऊन आलो.’ ‘बांधावरनं कोर्टात गेलते, शेवटी बाहेरच सेटल केलं.’ ‘गाडीचा क्लेम अजून सेटल नाय झाला.’ बोलणारी माणसं इंग्रजी बोलत नसतात. ती अस्सल मराठीत बोलत असतात आणि तो शब्द त्यांना परका वाटत नाही.

पण थोडं थांबून बघा. पहिल्या वाक्यात शब्दाचा अर्थ आहे घर करून राहणं. दुसऱ्यात पैसे चुकते करणं, तिसऱ्यात भांडण मिटवणं, चौथ्यात निकाल लावणं. एकाच क्रियापदाच्या पोटात घर, पैसा, भांडण आणि निकाल कसे मावले? इंग्रजी कोश उघडला तर आणखी चक्रावायला होतं. पाण्यातला गाळ तळाशी जातो, तेव्हा तो ‘सेटल’ होतो. पाखरू फांदीवर उतरतं, तेही ‘सेटल’ होतं. धूळ खाली बसते, पोटातली मळमळ शांत होते, रडणारं पोर गप्प होतं, नव्या घराचा पाया किंचित दबतो, भोक पडलेलं जहाज हळूहळू पाण्यात खाली जाऊ लागतं, सगळीकडे हेच क्रियापद. आणि सरकार शेतसारा ठरवतं, तेही ‘सेटल’ करणंच. या शेवटच्या अर्थाचा इतिहास तर इंदापूर तालुक्याच्या मातीत लिहिलेला आहे. तिथे जाऊच, पण आधी एका बाकावर बसू.

होय, बाकावरच. जुन्या इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे बसायची जागा, आसन. आजही इंग्रजीत उंच पाठीच्या लांब लाकडी बाकाला, ज्याच्या बैठकीखाली बहुधा पेटी असते, ‘सेटल’ असंच म्हणतात. त्या नामावरून क्रियापद झालं: आसनावर बसवणं, जागेवर ठेवणं. बाकीचे बहुतेक अर्थ या बाकावरून उठून चालत गेले. माणूस जागेवर बसला की तो तिथे राहिला. गाळ जागेवर बसला की पाणी स्वच्छ झालं. रक्कम जागेवर बसली की हिशेब पुरा झाला. सारा जागेवर बसला की सरकारचा आणि रयतेचा करार झाला.

आता मराठीकडे वळा. आपल्याकडे ‘बसणे’ हे क्रियापद नेमक्या याच वाटेने चालत आलेलं आहे, आणि तेही इंग्रजीला न विचारता. गाळ बसतो. धूळ बसते. कफ छातीत बसतो. पाया बसतो. संसाराची घडी बसते, धंद्याचा जम बसतो, हिशेबाचा मेळ बसतो. दंड बसतो, व्याज बसतं, सारा बसतो. कोणावर विश्वास बसतो, कोणाचा धक्का बसतो. सदरा अंगाला नीट बसतो. भाद्रपदात गणपती बसतात आणि आश्विनात घट बसतात. देवाला घरात ‘ठेवलं’ असं आपण म्हणत नाही, देव बसतो. या एका वाक्यात जी श्रद्धा आहे, ती मला फार मोलाची वाटते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिच्यात ‘बसणें’ या शब्दापाशी थांबून पाहा, नोंद भरघोस आहे.

एक गंमत मात्र ध्यानात घ्या. धंद्याचा जम बसला तर पेढे वाटायचे आणि धंदाच बसला तर डोक्याला हात लावायचा. क्रियापद तेच, फक्त मध्ये ‘जम’ आला की नशीब पालटतं. घसा बसतो, दुष्काळात जनावर बसतं आणि मग उठत नाही. स्थिर होणं आणि खाली जाणं या दोन गोष्टी बसण्यात पहिल्यापासूनच शेजारी-शेजारी आहेत. इंग्रजीतही माणूस ‘सेटल’ होतो ते चांगलं आणि जहाज ‘सेटल’ होतं ते वाईट. दोन भाषा हजारो मैल दूर असताना त्यांना एकाच हालचालीत तेच दोन अर्थ दिसले, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

दोन्ही भाषांचे शब्द मात्र एका मुळाचे नाहीत. ‘बसणे’ आलं संस्कृत ‘उपविश्’वरून. ‘उपविशति’ प्राकृतातून झिजत झिजत ‘बइस’ झालं आणि आपल्या तोंडात ‘बस’ उरलं. ‘बैठक’ही त्याच घरातली. इंग्रजी ‘सेटल’चं मूळ वेगळं आहे, आणि ते मूळ आपल्या अंगणात आणखी एका दाराने आलेलं आहे. ‘सिट’, ‘सीट’, ‘सेट’, ‘सॅडल’, ‘सेटल’ हे सगळे इंग्रजी शब्द ज्या प्राचीन धातूपासून निघाले, त्याचं संस्कृत रूप आहे ‘सद्’. सदन म्हणजे बसायची, राहायची जागा. संसद म्हणजे एकत्र बसणं. परिषद म्हणजे भोवती बसणं. उपनिषद म्हणजे गुरूजवळ खाली बसणं. आणि सभासद म्हणजे सभेत बसणारा.

सभासद! बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा शब्द ज्याच्या तोंडी नाही असं घर सापडणं कठीण. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी कारखाने म्हटले की पहिला प्रश्न येतो, सभासद का बिगरसभासद? उसाची नोंद, तोडीचा क्रम, सभेची नोटीस, सवलतीची साखर, सगळं त्या एका शब्दाभोवती फिरतं. सभेत बसायचा ज्याला हक्क आहे तो सभासद. आणि त्याच सभेत व्यासपीठावर मधोमध बसतो तो चेअरमन. ‘चेअर’ हा शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून मागे मागे नेला, तर ग्रीक ‘कथेद्रा’पाशी पोचतो. त्यातल्या ‘हेद्रा’चा अर्थ आसन, आणि त्याचं मूळ पुन्हा तोच बसण्याचा धातू. म्हणजे खाली सतरंजीवर बसलेला सभासद आणि वर खुर्चीत बसलेला चेअरमन, शब्दांच्या कुळात दोघे सख्खे भाऊबंद आहेत. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत हे कुणी सांगितलं तर टाळ्या पडाव्यात.

आता इंदापूर.

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुणे प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात आला. सरकारपुढे पहिला प्रश्न होता शेतसारा किती घ्यायचा आणि कसा ठरवायचा. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे आलं. तो विलायतेतल्या हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला होता. लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे आपल्याला ठाऊक असलेले माल्थस तिथे अर्थशास्त्र शिकवायचे. शेतातून येणाऱ्या उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा केला की जे उरतं, त्याचा ५५ टक्के वाटा सरकारचा, असं प्रिंगलने ठरवलं. कागदावर हिशेब अगदी नेटका होता. पण त्या उरलेल्या उत्पन्नाचा आकडा काढायला जी मोजणी, जी पाहणी लागते, ती चुकांनी भरली. हाताखालच्या लोकांनी लाच घेऊन चांगली जमीन हलकी दाखवली आणि हलकी जमीन चांगली. त्यातच धान्याचे भाव पडले आणि पाऊस हटला. सारा भरणं रयतेला अशक्य झालं. माणसं घरंदारं सोडून शेजारच्या संस्थानांच्या मुलखात निघून गेली आणि मोठमोठे पट्टे पडीक पडले.

सारा ‘बसवला’ गेला होता आणि गावं उठली होती.

१८३५ साली इंदापुरात पुन्हा काम सुरू झालं. हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी तेव्हा जेमतेम २३ वर्षांचा होता. त्याच्यासोबत लष्करी इंजिनिअर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. उत्पन्नातून खर्च वजा करण्याची ती सुंदर आणि निरुपयोगी सिद्धान्तकथा त्यांनी बाजूला ठेवली. जमीन मोजायची, तिची प्रत ठरवायची, आजवर गावाने खरोखर किती भरलं आहे ते बघायचं, बाजारपेठ किती लांब आहे ते बघायचं, आणि माणूस टिकेल असा दर बांधायचा, अशी त्यांची रीत. १८३६ साली इंदापूर तालुक्याचा सारा तीस वर्षांसाठी ठरला. दर उतरवले गेले आणि पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. याला इंग्रजीत ‘सर्व्हे सेटलमेंट’ म्हणतात. मुंबई इलाख्याची सगळी मोजणी-जमाबंदी पुढे इंदापूरच्या या धड्यावर उभी राहिली. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांचा ‘जॉइंट रिपोर्ट’ आला आणि पद्धत पक्की झाली.

या पद्धतीच्या तपशिलात मी अनेकदा रमतो. प्रतबंदीदार शेतात जाई, जमीन खणून मातीचा पोत पाही आणि खोली हातांनी मोजी. बारीक पोताची, पावणेदोन हात खोल जमीन म्हणजे १६ आणे. खोली कमी होत गेली की आणे उतरत जात. अशा नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. त्यात पुन्हा दोष बघायचे: चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, उतार आहे का, पाणी मुरत नाही का, पुरात माती वाहून जाते का. एकेका दोषाला एकेक प्रत खाली. बारामतीच्या बागायती पट्ट्यातली काळीभोर कसदार जमीन आणि इंदापूरच्या माळावरची मुरमाड बरड, दोन्हींना त्या कागदावर आपापली जागा मिळत होती.

मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचेही भाग १६, त्यांनाही आणेच म्हणायचे. साखळी लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा टाकली की १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक इंग्रजी एकर. आज बारामतीत गुंठ्याचा भाव विचारताना जो आकडा ओठांवर असतो, त्याच्या मागे ती ३३ फुटांची लोखंडी साखळी आहे. विलायतेतला एकर आणि आपला गुंठा त्या साखळीने एकमेकांत तंतोतंत बसवले. पुन्हा तेच क्रियापद, बघा.

या ‘सेटलमेंट’ला मराठी शब्द मिळाला ‘जमाबंदी’. पुण्यात भूमी अभिलेखाचं जे राज्यस्तरीय कार्यालय आहे, त्याच्या प्रमुखाचं मराठी पद ‘जमाबंदी आयुक्त’ आणि इंग्रजी पद ‘सेटलमेंट कमिशनर’ असंच आजही लिहिलं जातं. बाहेर रस्त्यावर कुणी ‘सेटल’ म्हटलं तर नोकरी-फ्लॅट आठवतो. पाटीवरचा ‘सेटलमेंट’ मात्र मातीच्या प्रतीशी बांधलेला आहे.

तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७च्या सुमारास पुन्हा सारा बसवायचा दिवस आला. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. नवे दर ठरले ते त्या तेजीच्या आठवणीवर. यादवी संपली, कापूस कोसळला, सारा मात्र वाढलेलाच राहिला. तो भरायला शेतकरी सावकाराकडे गेला. एका रोख्यातून दुसरा रोखा निघाला, व्याज मुद्दलात गेलं, कोर्टाने जमिनी लिहून दिल्या.

आणि १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे गावात लोक उठले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. लुटालूट झाली, आग लागली. पण त्यांना सगळ्यात आधी हवे होते ते कर्जरोखे आणि चोपड्या. त्या त्यांनी जाळल्या. सुप्यातून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पोचलं. पुढे चौकशी आयोग बसला (आयोगही बसतोच) आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्या कायद्यात कोर्टाची पायरी चढण्याआधी सावकार-कुळाचा तंटा मिटवायला सलोखा घडवणारे मध्यस्थ नेमायची तरतूद होती.

१८३६चा सारा, १८७५चे कर्जाचे हिशेब, १८७९चा सलोखा. इंग्रजीत या तिन्ही गोष्टींना ‘सेटल’ हे एकच क्रियापद चालतं. आपल्याकडे तीन वेगळे शब्द लागतात: सारा बसवणं, हिशेब चुकता करणं, तंटा मिटवणं. मला यात मराठीचा शहाणपणा दिसतो. सारा, हिशेब आणि तंटा यांना एकाच नावाने हाक मारली, तर सरकार, सावकार आणि शेजारी यांच्यातला फरक पुसला जातो. सुप्याच्या शेतकऱ्याला तो फरक पुरता ठाऊक होता.

पण इंग्रजीत तरी भांडण मिटवणं हा अर्थ बाकावरून कसा निघाला? तो नुसत्या बाकावरून निघालेला नाही, हीच तर खरी मजा. जुन्या इंग्रजीत ‘साह्ट्लियान’ असं दुसरंच एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ समेट घडवणं. आसनाशी त्याचा काही संबंध नव्हता. काळाच्या ओघात त्याचा उच्चार झिजला आणि तो ‘सेटल’च्या इतका जवळ गेला की दोन्ही शब्द एकमेकांत विरले. आता ‘सेटल’ म्हणताना बसणं कुठे संपतं आणि समेट कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

इंदापूर तालुक्याच्या पूर्व टोकाला नीरा नरसिंहपूर आहे. नीरा तिथे भीमेला मिळते. सह्याद्रीतून दोन वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या नद्या तिथे एक होतात आणि पुढे भीमा याच एका नावाने वाहतात. ‘सेटल’ हा शब्द मला तिथल्या संगमासारखा वाटतो. पुढे पंढरपुरात चंद्रभागेत हात घातला, तर ओंजळीतलं पाणी नीरेचं किती आणि भीमेचं किती, ते कोण सांगणार? भाषेचा अभ्यास करणाऱ्याला मात्र संगमाच्या वर चालत जाता येतं आणि दोन्ही प्रवाह वेगळे दाखवता येतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर गाळाबद्दल बोलू. भीमेवर उजनी धरण झालं आणि त्याचं फुगवट्याचं पाणी इंदापूर तालुक्यात शिरलं. पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर त्या पाण्यात गेलं. भर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, गाळाच्या खुणा अंगावर घेऊन. तिथला प्रत्येक थर म्हणजे एकेका पावसाळ्यात बसलेली माती. अशा गाळाला इंग्रजीत ‘सेडिमेंट’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या बसण्याच्या क्रियापदावरून आला, म्हणजे पुन्हा आपल्या ‘सद्’च्या कुळातलाच. हिंदीत गाळाच्या खडकांना ‘अवसादी शैल’ म्हणतात, त्यातही ‘सद्’ बसलेलाच आहे.

आणि आता जे सांगणार आहे, ते मला कळलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही करू शकलो नाही. गाळ खाली बसला की पाणी काय होतं? निवळतं, नितळ होतं. संस्कृतात अशा पाण्याला ‘प्रसन्न’ म्हणतात. प्र अधिक सद्. प्रसन्न म्हणजे ज्यातला गढूळपणा खाली बसला आहे असं. आपण देव प्रसन्न झाला म्हणतो, चेहरा प्रसन्न दिसतो म्हणतो, सकाळ प्रसन्न आहे म्हणतो. हे सगळे अर्थ एका निवळलेल्या पाण्याच्या भांड्यातून वर आले आहेत. ‘प्रसाद’ही तिथलाच. काव्यशास्त्रात प्रसादगुण म्हणजे अर्थ तळापर्यंत स्वच्छ दिसणं. निवळीच्या झाडाचं बी उगाळून गढूळ पाण्यात टाकलं की गाळ खाली बसतो, आणि त्या झाडाला संस्कृतात एक नाव आहे ‘अंबुप्रसादन’, पाणी प्रसन्न करणारं. आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, त्याही हेच करायच्या. इंग्रजीत ‘लेट इट सेटल’ म्हणतात, आपण ‘निवळू दे’ म्हणतो, आणि मन निवळण्यासाठीही दोन्ही भाषा तेच शब्द वापरतात. साखर कारखान्यातही हाच खेळ चालतो. उसाच्या रसात चुना घालतात, रस तापवतात आणि मोठ्या टाकीत संथ सोडतात. मळी तळाशी बसते, वरून स्वच्छ रस काढून घेतात. त्यातून पांढरी साखर होते. प्रसाद म्हणून हातावर पडणारी खडीसाखर आधी स्वतः ‘प्रसन्न’ होऊन आलेली असते.

विषाद हा त्याच कुळातला, पण दुसऱ्या टोकाचा. वि अधिक सद्, म्हणजे खचून खाली बसणं. अर्जुन रथात बसला तो विषादाने. ‘नीड’ म्हणजे पाखराचं घरटं, तेही ‘नि’ आणि ‘सद्’ यांपासून, खाली बसायची जागा. इंग्रजी ‘नेस्ट’ आणि संस्कृत ‘नीड’ एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. इंग्रज पक्षिप्रेमी ते पाण्यावर ‘सेटल’ झाले असं लिहील. आमचा नावाडी म्हणेल, ‘बसले बघा.’

बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावं माणसं येऊन बसण्याचीच आहेत. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याकडचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आले, कऱ्हेच्या काठी राहिले, १७९४ साली तिथेच गेले. आज कोणी त्यांना पन्हाळ्याचे म्हणत नाही. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या माळावर ऊस आणि कारखाना आणला आणि त्याभोवती जी वसाहत उभी राहिली ती वालचंदनगर झाली. इथे मात्र मराठी ‘बसणे’ सोडून ‘वसणे’ला हाक मारते. वस्ती, वसाहत, निवास, पुनर्वसन हे सगळे शब्द ‘वस्’ या वेगळ्या धातूचे. इंग्रजीला जे एका शब्दात सांगावं लागतं, ते आपण दोन शब्दांत वाटून घेतलं: माणूस आणि गाळ बसतो, गाव वसतं.

या शब्दाचं एक काळं पानही आहे, आणि ते वगळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि पुढे त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात कोंडलं. त्या कोंडवाड्यांनाही नाव होतं ‘सेटलमेंट’. शेजारच्या सोलापुरात तो भाग अजून सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. ज्यांचं जगणंच चालतं होतं, त्यांना जबरीने बसवण्याला जे नाव दिलं गेलं, त्याच नावाने आज आपण मुलाच्या सुखाचा हिशेब मांडतो.

आणि म्हणून आजच्या ‘सेटल’कडे परत येतो. इंग्रजीत या क्रियापदामागे एखादा छोटा शब्द आला की त्याचं तोंड फिरतं. ‘डाऊन’ आला की संसार मांडणं, ‘अप’ आला की देणं चुकवणं, ‘इन’ आला की नव्या जागेत रुळणं, ‘ऑन’ आला की अनेकांतून एक पसंत करणं, ‘फॉर’ आला की हवं होतं ते न मिळाल्याने मिळालं त्यावर भागवणं. मराठीत शिरताना हे सगळे शेपटीचे शब्द गळून पडले आणि उरला नुसता ‘सेटल’. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा सेटल आहे का?’ हा प्रश्न आला की त्याचा अर्थ ठरलेला असतो: पुण्यात नोकरी, नावावर फ्लॅट.

पण विचार करा. इंदापूरच्या एखाद्या वस्तीवर जो तिशीतला शेतकरी आहे, त्याच्या खापरपणज्याने १८३६ नंतर उतरलेल्या साऱ्यावर विश्वास ठेवून पडीक जमीन पुन्हा नांगरली असेल. त्याचं घराणं तेव्हापासून त्याच बांधाला आहे. त्याची जमीन सेटल आहे, सारा सेटल आहे, कारखान्यात तो सभासद आहे. शब्दाच्या जवळजवळ प्रत्येक अर्थाने या तालुक्यात त्याच्याइतका ‘सेटल’ माणूस दुसरा नाही. आणि लग्नाच्या बाजारात त्याला सांगितलं जातं की मुलगा सेटल नाही. एका क्रियापदाने जे दोनशे वर्षांत कमावलं, ते आपण एका प्रश्नात गमावतो आहोत. मुलीच्या बापाची काळजी मला समजते. पाण्याचा, भावाचा, तोडीचा भरवसा नाही हेही खरंच. पण शब्द तरी नीट वापरू या. नोकरी आहे का विचारायचं असेल तर नोकरी आहे का असंच विचारावं.

तुमच्या घरी सातबारा असेल, तर तो एकदा काढा आणि पीकपाण्याच्या वरच्या भागात ‘आकारणी’ किंवा ‘आकार’ असं लिहिलं आहे तिथे बघा. रुपये आणि पैसे दिसतील, बहुतेक वेळा इतके थोडे की त्यात आज चहाही येणार नाही. तो आकडा म्हणजे कुणीतरी शेतात खणून, मातीची खोली हातांनी मोजून, दोष लिहून घेऊन बसवलेल्या साऱ्याची खूण आहे. घरातल्या शाळकरी मुलाला तो दाखवा आणि ‘सेटल’ या शब्दाचा पहिला अर्थ तिथून सांगायला सुरुवात करा.